विफल प्रेमाची दुसरी बाजू : अनंत काणेकर आणि ‘माणूस’

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात अनंत आत्माराम काणेकर यांची नोंद प्रामुख्याने लघुनिबंधकार म्हणून होते. ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्याबरोबर त्यांचे नाव घेतले जाते, पुढे ‘चांदरात’चा कवी आणि प्रवासवर्णनकार म्हणून दोन-चार वाक्ये येतात, आणि १९३९ साली त्यांनी प्रभात फिल्म कंपनीच्या ‘माणूस’ या बोलपटाचे संवाद व गीते लिहिली, ही गोष्ट बहुधा शेवटच्या ओळीत उरते. चित्रपटाच्या इतिहासात याच्या उलट घडते. तेथे ‘माणूस’ हा व्ही. शांताराम यांचा चित्रपट असतो आणि काणेकर हे श्रेयनामावलीतील एक नाव असते. या विभागणीमुळे एका लेखकाच्या आयुष्यातील एक सलग सूत्र दोन इतिहासांच्या सीमेवर तुटले आहे. प्रेम विफल का होते, आणि ते विफल झाल्यावर माणसाने काय करावे, हा प्रश्न काणेकरांनी कविता, रंगभूमी आणि चित्रपट या तिन्ही माध्यमांतून हाताळला. त्याचे त्यांना सापडलेले उत्तर त्या काळातील मराठी भावकवितेच्या उत्तराहून वेगळे होते. हे वेगळेपण समजून घ्यावयाचे तर त्यांचे जीवन आणि लेखन एकत्र पाहणे आवश्यक ठरते.

१

काणेकरांचा जन्म २ डिसेंबर १९०५ रोजी मुंबईत झाला. त्यांचे शिक्षणही मुंबईतच झाले. ते बी.ए., एल्एल्.बी. झाले आणि काही काळ त्यांनी वकिलीही केली. कोकण, देश किंवा वऱ्हाड यांपैकी कोणत्याही प्रदेशाचा गावगाडा त्यांच्या लेखनाच्या मुळाशी नाही. त्यांच्या मुळाशी आहे ते मुंबई हे बहुभाषिक, गिरण्यांचे आणि समुद्राचे शहर. एकाच रस्त्यावर दहा प्रांतांची भाषा कानावर पडते, ही जाणीव त्यांना पुस्तकातून मिळवावी लागली नाही. ‘माणूस’मधील एका प्रसिद्ध प्रसंगाचा विचार करताना ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते.

त्यांच्या तरुणपणी मराठी कवितेत प्रेम हा विषय नुकताच प्रतिष्ठित झाला होता. केशवसुतांनी त्याला वाट करून दिली होती. राम गणेश गडकरी यांनी ‘गोविंदाग्रज’ या नावाने त्याला उत्कट निराशेचा सूर दिला होता. गडकरी १९१९ च्या जानेवारीत नागपूरजवळच्या सावनेर येथे अकाली निधन पावले आणि दोन वर्षांनी ‘वाग्वैजयंती’ हा त्यांचा संग्रह प्रसिद्ध झाला, तेव्हा अप्राप्य प्रेयसी आणि तिच्यासाठी जळणारा कवी ही जोडी मराठी वाचकाच्या मनात पक्की बसली. पुढे रविकिरण मंडळाच्या काळात माधव जूलियन यांचे ‘विरहतरंग’ हे खंडकाव्य १९२६ साली आले. महाविद्यालयीन तरुण-तरुणींच्या अपुऱ्या राहिलेल्या प्रेमाची ती कथा सुशिक्षित मध्यमवर्गाला आपलीच वाटली. सहशिक्षणाने परिचय शक्य केला होता, परंतु विवाह मात्र जात, कुल आणि वडीलधाऱ्यांची संमती यांच्या अधीनच राहिला होता. या दोहोंमधील अंतर हीच त्या काळातील प्रेमकवितेची खरी भूमी होय. त्या कवितेतील वेदना खोटी नव्हती. तिचे कारण मात्र कवी क्वचितच शोधत. दोष कधी दैवाला दिला जाई, कधी निष्ठुर प्रेयसीला.

या वृत्तीचा अतिरेक समकालीनांनाही जाणवत होता. ‘केशवकुमार’ या नावाने प्र. के. अत्रे यांनी १९२५ साली ‘झेंडूची फुले’ प्रसिद्ध करून तत्कालीन कवितेच्या लकबींचे विडंबन केले. परंतु विडंबनाने एक रीत हास्यास्पद ठरविता येते. त्या रीतीमागील दुःखाला पर्याय देता येत नाही. तो पर्याय शोधण्याचे काम पुढील पिढीकडे आले.

काणेकरांचा ‘चांदरात’ हा संग्रह १९३३ साली आला, तो या संधिकालात. त्यात स्वप्नाळू प्रेमाची कविता आहे, आणि त्या स्वप्नाकडे किंचित दुरून, मिस्कील नजरेने पाहणारी कविताही आहे. भावविवश होण्याच्या क्षणी स्वतःला सावरून घेणारा एक सुजाण माणूस या कवितेत वावरतो. याच काळात त्यांनी लिहिलेली काही गीते, विशेषतः समुद्र आणि कोळ्यांचे जीवन यांवरील गीते, गायली गेली आणि लोकप्रिय झाली. प्रमाण भाषेबाहेरच्या बोलीला चालीत बसविण्याचा हा सराव होता. कवी म्हणून काणेकरांचा विस्तार मोठा नाही. ‘चांदरात’नंतर त्यांचे लक्ष हळूहळू गद्याकडे वळले. मात्र कवितेने त्यांना दिलेला प्रश्न गद्यात आल्यावरही सुटला नाही.

२

१९३३ हे वर्ष काणेकरांच्या आयुष्यात आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. संगीत नाटकाच्या उतरत्या काळात के. नारायण काळे, श्री. वि. वर्तक, पार्श्वनाथ आळतेकर, केशवराव दाते आदींनी ‘नाट्यमन्वंतर’ ही संस्था उभी केली. तिच्या संस्थापक मंडळींत काणेकर होते. संस्थेचे पहिले नाटक ‘आंधळ्यांची शाळा’ १ जुलै १९३३ रोजी रंगभूमीवर आले. नॉर्वेचा नाटककार ब्यर्नसन याच्या नाटकावरून वर्तकांनी ते रचले होते. स्त्रियांच्या भूमिका ज्योत्स्ना भोळे आणि पद्मावती वर्तक या स्त्रियांनीच केल्या, वास्तवाला धरून नेपथ्य केले गेले, आणि पदांची जुनी गर्दी टाळून मोजकी भावगीते योजली गेली. केशवराव भोळे यांच्या संगीतातील या गीतांच्या रचनेत काणेकरांचा हात होता.

नाटकाचा विषय येथे विशेष लक्षणीय आहे. विवाह ठरलेल्या मुलीला आपल्या भावी पतीच्या पूर्वायुष्यातील एका संबंधाची माहिती मिळते आणि ती त्याला नाकारते. समाज स्त्रीकडून जे पावित्र्य अपेक्षितो ते तिने पुरुषाकडूनही मागितले, एवढाच तिचा अपराध. प्रेम येथेही विफल होते. परंतु ते दैवामुळे किंवा प्रेयसीच्या निष्ठुरपणामुळे विफल होत नाही. ते एका स्त्रीच्या विचारपूर्वक दिलेल्या नकारामुळे थांबते, आणि त्या नकाराला कारण असते. मराठी प्रेमकवितेने आजवर नाकारल्या गेलेल्या पुरुषाचे मन उकलले होते. या नाटकाने नाकारणाऱ्या स्त्रीचे मन मध्यभागी आणले. काणेकर या नाटकाचे लेखक नव्हते, हे स्पष्ट ठेवले पाहिजे. परंतु त्यांच्या पुढील लेखनाची दिशा पाहता, नाट्यमन्वंतराच्या या प्रयोगात ते केवळ सहप्रवासी नव्हते असे मानण्यास आधार मिळतो. याचा पुरावा त्यांच्या ‘घरकुल’मध्ये आहे. इब्सेनच्या नाटकावरून केलेली ही रचना १९४१ ची. तिच्यात तर लग्न झालेली स्त्रीच उंबरठा ओलांडते. या दोन नाटकांच्या मध्ये, काळाने आणि आशयानेही, ‘माणूस’ उभा आहे.

३

दरम्यानच्या काळात काणेकरांचे गद्य घडत होते. ‘पिकली पाने’ हा त्यांचा लघुनिबंधसंग्रह १९३४ साली, ‘शिंपले आणि मोती’ १९३६ साली आणि ‘तुटलेले तारे’ १९३८ साली प्रसिद्ध झाला. १९३५ पासून १९३९ पर्यंत त्यांनी ‘चित्रा’ या साप्ताहिकाचे संपादन केले. फडक्यांच्या ‘गुजगोष्टी’ १९३३ साली आल्या होत्या आणि लघुनिबंध हा प्रकार वाचकप्रिय होत होता. फडक्यांचा निबंध डौलदार होता, खांडेकरांचा चिंतनाकडे झुकणारा होता. काणेकरांचा निबंध समोर बसून बोलणाऱ्या माणसाचा आहे. एखादी क्षुल्लक घटना घेऊन ते सुरुवात करतात, वाचक हसतो, आणि हसता हसता एखाद्या रूढ समजुतीचा टवका उडालेला त्याच्या लक्षात येतो. मोठा शब्द टाळणे, वाक्य आखूड ठेवणे, भावनेच्या ऐन भरात एखादी साधी वस्तू पुढे ठेवणे या त्यांच्या लकबी होत.

संवादलेखकाला हव्या असलेल्या गुणांची ही यादीच आहे. बोलपट मराठीत १९३२ साली आला, तेव्हा त्याच्या भाषेवर संगीत नाटकाच्या भाषेचा मोठा प्रभाव होता. प्रभातने हळूहळू या भाषेतून बाहेर पडण्याचा प्रयत्न केला. पुण्यास स्थलांतर झाल्यावर, ना. ह. आपटे यांच्या कादंबरीवर आधारलेल्या ‘कुंकू’ने १९३७ साली सामाजिक विषयाला अनुरूप असे बोलणे पडद्यावर आणले. ‘माणूस’साठी काणेकर आले ते या टप्प्यावर. त्या वेळी त्यांचे वय तेहतीस वर्षांचे होते.

४

‘माणूस’ ज्या वातावरणात जन्मला त्याचा विचार शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांच्या ‘देवदास’शिवाय करता येत नाही. १९१७ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीवर कलकत्त्याच्या न्यू थिएटर्ससाठी प्रमथेश बरुआ यांनी १९३५ साली बंगाली व हिंदी अशा दोन्ही भाषांत बोलपट केले. बंगालीत ते स्वतः देवदास झाले, हिंदीत कुंदनलाल सैगल. हिंदी ‘देवदास’ भारतभर पाहिला गेला आणि त्यातील गाणी सर्वत्र ऐकली गेली. मराठी भावकवितेने दोन दशके ज्या मनाची मशागत केली होती त्याच मनात हा नायक सहज रुजला. गडकऱ्यांची निराशा आणि माधव जूलियनांचा विरह यांना आता चेहरा, आवाज आणि हातात मद्याचा पेला मिळाला.

देवदासच्या कथेकडे बारकाईने पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. पार्वती त्याला नाकारीत नाही. तीच रात्री त्याच्याकडे येते, लोकलज्जा बाजूला ठेवून विचारते. माघार घेतो तो देवदास. वडिलांच्या शब्दापुढे तो उभा राहू शकत नाही. स्वतःच्या भ्याडपणातून उद्भवलेल्या वियोगाला तो पुढे आयुष्यभर दैवाचे रूप देतो आणि मद्यात स्वतःचा नाश करून घेतो. शरच्चंद्रांची कादंबरी या दुबळेपणाला क्षमा करते, तरी त्याला झाकीत नाही. पडद्यावर मात्र सैगलच्या स्वराने तो दुबळेपणा झाकला गेला आणि आत्मनाश हेच प्रेमाच्या खरेपणाचे प्रमाण ठरले. प्रेक्षक नायकासाठी रडला. पार्वतीच्या किंवा चंद्रमुखीच्या वाट्याला काय आले, हा प्रश्न मागे पडला.

शांताराम यांचा ‘माणूस’मागील रोख या पराभूत वृत्तीविरुद्ध होता, ही गोष्ट सर्वज्ञात आहे. हिंदी आवृत्ती ‘आदमी’ला जे इंग्रजी नाव दिले गेले त्याचा आशयही जीवन जगणाऱ्यांसाठी असते असा आहे. कथा ए. भास्करराव यांची होती. तिला बोलती भाषा देण्याचे काम काणेकरांकडे आले.

५

‘माणूस’ची कथा साधी आहे. गणपत हा सरळमार्गी पोलिस शिपाई. एका छाप्याच्या वेळी मैना ही वेश्या त्याच्या तावडीत सापडते, आणि तो तिला सोडून देतो. ओळख वाढते, प्रेमात बदलते. तिला त्या वस्तीतून बाहेर काढावे, तिच्याशी संसार करावा, असे त्याला वाटते. देवाधर्मात रमलेली त्याची आई तिला सून म्हणून स्वीकारण्यास तयार होते, परंतु त्या भाबड्या विश्वासाचेच ओझे मैनेला पेलत नाही, आणि ती निघून जाते. पुढे तिच्या जिवावर जगणाऱ्या, तिचा छळ करणाऱ्या मामाचा खून तिच्या हातून होतो आणि ती पकडली जाते. गणपत तिला पळून जाण्याची संधी देतो, ती नाकारते. शिक्षा तिच्या वाट्याला येते, आणि गणपतच्या वाट्याला निराशा. निराशेच्या काठापर्यंत जाऊन तो परत फिरतो आणि आपल्या कामावर रुजू होतो. शाहू मोडक यांनी गणपतची आणि शांता हुबळीकर यांनी मैनेची भूमिका केली. आईची भूमिका सुंदराबाईंची. संगीत मास्टर कृष्णरावांचे होते.

गणपतला प्रेमाचा प्रतिसाद मिळत नाही असे नाही. मैनेचे त्याच्यावर प्रेम आहे. तरीही ती दोनदा नकार देते, एकदा घराला आणि एकदा सुटकेला. या नकारांची कारणे पटकथेत भाषणांतून सांगितली जात नाहीत. ती प्रसंगांतून आणि तुटक, अर्धवट राहिलेल्या बोलण्यातून कळतात. आपल्याला शुद्ध मानणाऱ्या माणसांसमोर उभे राहण्याची लाज, आपल्यामुळे एका प्रामाणिक माणसाची नोकरी व अब्रू जाईल ही भीती, आणि समाज आपले भूतकाळातील नाव विसरणार नाही याची खात्री, या तीन गोष्टी तिला मागे खेचतात. यांतील एकही गोष्ट दैव नाही. ‘आंधळ्यांची शाळा’मधील मुलीने पुरुषाच्या भूतकाळाला प्रश्न विचारला होता. मैनेच्या बाबतीत समाजाने तोच प्रश्न स्त्रीला विचारला आहे आणि तिने तो स्वतःविरुद्ध खरा मानला आहे. दोन्ही ठिकाणी मोजमाप एकच, परंतु ते मोजणारा हात बदलल्याबरोबर परिणाम किती भयंकर होतो हे या दोन कृती शेजारी ठेवल्या म्हणजे दिसते.

काणेकरांच्या लेखणीचा सर्वांत ठळक ठसा मैनेच्या त्या बहुभाषिक गाण्यावर आहे. निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या गिऱ्हाइकांसमोर ती एकाच गाण्याची कडवी निरनिराळ्या भाषांत म्हणते. चित्रपटाच्या लोकप्रियतेत या गाण्याचा वाटा फार मोठा आहे, आणि म्हणूनच त्याकडे केवळ करमणूक म्हणून पाहिले जाते. वस्तुतः ते चित्रपटाच्या आशयाशी घट्ट जोडलेले आहे. उद्याची चिंता सोडून आज मजा करा, हा त्या गाण्याचा आशय; तो म्हणणारी स्त्री मात्र अशी की जिला उद्या नाहीच. मुंबईच्या वस्तीतील स्त्रीला प्रत्येक भाषेत प्रेम विकावे लागते, आणि जेव्हा तिला स्वतःचे प्रेम सांगावयाचे असते तेव्हा तिच्यापाशी कोणतीच भाषा उरत नाही. गणपतसमोर ती अडखळते, गप्प राहते, थट्टा करते. गाण्यातील अस्खलितपणा आणि बोलण्यातील अडखळणे यांचा हा विरोध संवाद आणि गीत एकाच लेखकाचे असल्यामुळेच इतका नेमका साधला असावा.

दुसरे उदाहरण चित्रपटातील विडंबनाचे. गणपत आणि मैना यांच्यासमोर एका प्रणयपटाचे चित्रीकरण चालू असते. बॉम्बे टॉकीजच्या धर्तीवर झाडाखाली गाणारे नायक-नायिका तेथे दिसतात. ‘झेंडूची फुले’ने कवितेत जे केले तेच येथे चित्रपटाने चित्रपटात केले आहे. परंतु एक फरक आहे. अत्र्यांच्या विडंबनात हसणारा वाचक कवितेच्या बाहेर उभा असतो. ‘माणूस’मध्ये कृत्रिम प्रेम पाहणारी दोन माणसे स्वतःच खऱ्या आणि अडचणीत सापडलेल्या प्रेमात आहेत. त्यामुळे हसू आल्याबरोबर त्याला एक बोच लागते. पडद्यावरच्या प्रेमिकांना गाण्यास झाड मिळते. या दोघांना बसण्यास जागा नाही. प्रेमाच्या रूढ भाषेचे विडंबन आणि त्या भाषेपासून वंचित राहिलेल्या प्रेमाविषयीची करुणा ही दोन्ही एका वेळी साधणे हे ‘चांदरात’च्या कवीचेच पक्व रूप होय.

शेवटाविषयी मतभेद होऊ शकतो. गणपत सावरतो आणि कर्तव्यावर परततो, हा शेवट उपदेशाकडे झुकतो, अशी शंका घेता येते. याहून गंभीर आक्षेप दुसरा आहे. देवदासचे उत्तर म्हणून जो माणूस उभा केला तो पुरुषच आहे. जगण्याचा अधिकार त्याला मिळतो आणि मैना तुरुंगात जाते. जीवन जगणाऱ्यांसाठी असेल, तर मैनेचे जगणे कोणत्या बाजूला मोजावयाचे, याला चित्रपट उत्तर देत नाही. त्या काळातील सामाजिक चित्रपटाच्या मर्यादा लक्षात घेऊनही हा आक्षेप टिकतो. परंतु तो घेणे शक्य होते, तेच मुळी चित्रपटाने मैनेच्या नकाराला दिलेल्या वजनामुळे. तिला केवळ नायकाच्या दुःखाचे कारण करून ठेवले असते, तर तिच्या शिक्षेबद्दल प्रेक्षकाच्या मनात असा प्रश्नच उठला नसता.

६

‘माणूस’नंतर काणेकरांनी चित्रपटलेखन हा व्यवसाय म्हणून धरला नाही. रशियाच्या प्रवासावरील त्यांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ हे पुस्तक १९४० साली आले आणि मराठी प्रवासवर्णनाला त्याने एक नवा, मोकळा सूर दिला. त्याच वर्षी त्यांनी ‘आशा’ या साप्ताहिकाचे संपादन केले. १९४१ मध्ये ‘घरकुल’ आले. त्याच वर्षापासून ते अध्यापनाकडे वळले. आधी मुंबईच्या खालसा महाविद्यालयात आणि १९४६ पासून, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने त्याच वर्षी सुरू केलेल्या सिद्धार्थ महाविद्यालयात ते मराठीचे प्राध्यापक होते. ज्यांच्या घरात शिक्षण प्रथमच येत होते अशा विद्यार्थ्यांना शिकविणाऱ्या या महाविद्यालयात त्यांच्या कारकिर्दीचा मोठा काळ गेला. ‘उघड्या खिडक्या’ हा निबंधसंग्रह १९४५ चा. ‘आमची माती, आमचे आकाश’ (१९५०) आणि ‘निळे डोंगर, तांबडी माती’ (१९५७) ही प्रवासपर पुस्तके त्यानंतरची. १९५७ साली औरंगाबाद येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. १९६५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ४ मे १९८० रोजी त्यांचे निधन झाले.

या उत्तरायुष्यात प्रेमाचा विषय त्यांच्या लेखनातून मागे पडला असला, तरी मराठी साहित्यात तो पुढे चालूच राहिला, आणि त्याच्या दोन वाटा झाल्या. एक वाट बा. सी. मर्ढेकरांच्या कवितेतून गेली. तेथे महानगराच्या यांत्रिक जीवनात प्रेमाच्या शब्दांचे पोकळपण उघडे पडले. दुसरी वाट पु. शि. रेगे यांची. रेग्यांनी प्रेमाला विफलतेच्या तक्रारीतून सोडविले आणि स्त्रीच्या असण्याचाच उत्सव केला. १९६२ सालची त्यांची ‘सावित्री’ ही कादंबरी केवळ नायिकेच्या पत्रांतून उलगडते. ज्याला ती पत्रे लिहिते त्याचे उत्तर वाचकापर्यंत पोहोचत नाही. प्रेम पूर्ण झाले की अपुरे राहिले हा प्रश्न तेथे गौण होतो, कारण बोलणारी आता ती आहे. १९६९ साली वर्धा येथे भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद रेग्यांकडे गेले, तेव्हा ‘विरहतरंग’ला त्रेचाळीस वर्षे आणि ‘माणूस’ला तीस वर्षे झाली होती. एवढ्या काळात प्रेमकथेतील स्त्री, जिच्यासाठी झुरावे अशा मूर्तीपासून जी स्वतः सांगते अशा व्यक्तीपर्यंत आली. या प्रवासाच्या मधल्या टप्प्यावर, बोलू पाहणाऱ्या आणि अडखळणाऱ्या मैनेची जागा आहे.

७

काणेकरांच्या जीवनाचा आलेख लघुनिबंधापुरता मर्यादित ठेवल्याने दोन तोटे झाले. पहिला असा की, त्यांच्या निबंधातील हलकेपणा हा स्वभावधर्म मानला गेला. तो एका वाङ्मयीन भूमिकेचा परिणाम होता हे दुर्लक्षित राहिले. भावनेचा बडेजाव टाळणे ही काणेकरांची शैली होती, आणि त्यामागे एक नैतिक निवडही होती. दुःखाला सुंदर शब्दांनी सजविले की त्याचे कारण दिसेनासे होते, ही जाण त्यांच्या संवादलेखनात स्पष्ट दिसते आणि निबंधातही तीच काम करते. दुसरा तोटा असा की, चित्रपटासाठी केलेले लेखन हे साहित्य नव्हे, या समजुतीमुळे मराठी गद्याच्या बोलभाषेकडे झालेल्या वळणाचा एक महत्त्वाचा पुरावा अभ्यासाच्या कक्षेबाहेर राहिला. बोलपटाने मराठी लेखकाला प्रथमच असा श्रोता दिला की जो वाचू शकत नव्हता तरी ऐकू शकत होता. हवालदार, शिपाई, वेश्या, चहावाला यांच्या तोंडी कोणती मराठी शोभते, याचा विचार १९३९ साली काणेकरांना करावाच लागला. ग्रामीण आणि दलित साहित्याने बोलीचा प्रश्न पुढे समर्थपणे उभा केला. त्याआधीची ही नागर पूर्वतयारी विसरणे योग्य नाही.

महाविद्यालयीन अभ्यासक्रमात विफल प्रेमाची कविता आजही शिकविली जाते, आणि ‘देवदास’ची नवी रूपे पडद्यावर येत राहिली आहेत, १९५५ साली बिमल रॉय यांनी आणि २००२ साली संजय लीला भन्साळी यांनी ती कथा पुन्हा सांगितली. नकार मिळालेल्या पुरुषाचे दुःख उदात्त मानण्याची सवय साहित्याने आणि चित्रपटाने मिळून लावली आहे, आणि या सवयीची किंमत नकार देणाऱ्या स्त्रीला प्रत्यक्ष जीवनात अनेकदा मोजावी लागते. अशा वेळी गोविंदाग्रज आणि माधव जूलियन शिकविताना ‘माणूस’ शेजारी ठेवला, तर विद्यार्थ्याला दोन प्रश्न एकत्र विचारता येतात : ज्याला नकार मिळाला त्याचे काय झाले, आणि जिने नकार दिला तिने तो का दिला. पहिला प्रश्न मराठी कवितेने उत्कटतेने विचारला. दुसरा विचारण्यास तिला वेळ लागला. आणि तो विचारणाऱ्या सुरुवातीच्या लेखकांत अनंत काणेकर यांचे नाव, निबंधकार म्हणून मिळालेल्या स्थानाबरोबरच, घेतले गेले पाहिजे.